'माझी मैना' एकट्या अण्णाभाऊंची का?

परळचा पोऱ्या
1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांची जयंती जोरात झाली, बरं वाटलं. आमच्या मंडपात दिवसभर 'माझी मैना गावावर राहिली' वाजत होतं. फलकावर फोटो मात्र एकट्या अण्णाभाऊंचा. मला हे खटकतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) गाजवली शाहीर अमर शेखांनी. 1944 साली कम्युनिस्टांचं लाल बावटा कलापथक निघालं, तेव्हापासून एकाची लेखणी आणि दुसऱ्याचा गळा असाच कारभार होता. फोटो दोघांचे हवेत.

चिरागनगर
नाही पटलं. गायकाचा मान गायकाला द्या, पण गाणं लिहिणाऱ्याचंच. अण्णाभाऊंना 'जोडीतला एक' करून ठेवू नका. त्यांच्या 'फकिरा' कादंबरीला कुठला गळा लागला होता? 1959 साली पुस्तक आलं आणि स्वतःच्या बळावर उभं राहिलं.

परळचा पोऱ्या
'फकिरा' वाचायला अक्षरओळख लागते दादा. गिरणीतून सुटून थेट मैदानात आलेल्या कामगारांपैकी कितीजणांना ती होती? त्यांना अण्णाभाऊ कळले ते कानाने.

ढोलकीची थाप
दोघेही गाण्याच्या बाहेरूनच बोलताय. जरा गाण्यात शिरा. सुरुवातीला गडी गावाकडच्या बायकोचं वर्णन करतो. तिचा बांधा, रंग, गुण. ओळी तुटक, आणि यमक सगळं 'ची'वर: चंद्राची, गुणांची, मनाची. मग गरिबीनं ताटातूट होते, गडी मुंबईला निघतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याच घरची गोष्ट चाललीय. आणि शेवटाकडे तेच 'ची' पकडून महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव येतात. बायकोपासून तुटलेला गडी आणि तुकडे पडलेला महाराष्ट्र, दोघांची गत एकच. मध्ये कुठे 'आता राजकारणावर बोलू' असा सांधा दिसत नाही. ही करामत कागदावरची आहे, कोणीही गायलं तरी ती राहणार. तेव्हा या मुद्द्यावर मी चिरागनगरच्या बाजूने.

पण त्या तुटक ओळी दम न तुटता, चढत्या लयीत म्हणून बघा एकदा, आणि तेही हजारोंच्या सभेत. दुसऱ्या मिनिटाला आपल्यासारख्यांची वाचा बसेल. अण्णाभाऊ स्वतः तमाशात वावरलेले. कुठल्या ओळीला कसला गळा लागतो, हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते लिखाण आहे.

बार्शीकर
मला दोन्ही बाजूंवर राग आहे. अमर शेख म्हणजे नुसता गळा? आमच्या बार्शीचा हा माणूस स्वतः कवी होता. 'कलश' 1958 साली आला, पुढे 'धरतीमाता'. पोऱ्या, तुम्ही मोठेपणा द्यायला निघालात आणि त्यांना भोंगा करून ठेवलंत.

आणि फलकावर फोटो का नाही, याचं खरं कारण कोणी बोलत नाही. आपल्याकडे जयंती साजरी व्हायला पाठीशी समाज लागतो. अमर शेख म्हणजे मूळचे मेहबूब पटेल, त्यांच्या मागे कोण उभं राहणार?

चिरागनगर
बार्शीकर, याला दुसरी बाजू आहे. अण्णाभाऊंची जयंती कोणी ताटात वाढून दिलेली नाही. ते घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडीत राहिले, हालात गेले. ज्यांना ते आपले वाटले त्यांनी वर्गणी काढून फोटो लावले. तो फोटो आम्ही का आकसून घ्यायचा? शेखसाहेबांसाठी वेगळा मंडप घाला, पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

सातरस्ता
वेगळा कशाला? अण्णाभाऊ 18 जुलै 1969 ला गेले आणि अमर शेख त्याच वर्षी 29 ऑगस्टला, अपघातात. सहा आठवड्यांचं अंतर. एकच कार्यक्रम ठेवा.

जुना कार्डहोल्डर
दोन फोटोंवरून भांडताय आणि तिसऱ्याचं नाव एकानेही घेतलं नाही. कलापथक काढलं तिघांनी. शाहीर द. ना. गव्हाणकर कुठे गेले?

परळचा पोऱ्या
गव्हाणकरांचं मान्य. पण म्हणून 'माझी मैना'वरचा अमर शेखांचा हक्क कमी होत नाही.

ढोलकीची थाप
हक्क-बिक्क राहू द्या. पुढच्या वर्षी मंडपात दिवसभर रेकॉर्ड लावण्यापेक्षा डफ-तुणतुणं आणि 'जी जी' करायला चार झीलकरी आणा. ढोलकी मी वाजवतो. 'मुंबईची लावणी'पण घ्या. एका बाजूला मलबार हिल, दुसऱ्या बाजूला परळ. आता परळमध्येच टॉवर उभे राहिलेत, तिथे ती कशी लागते बघू.

चिरागनगर
या. मंडपाची परवानगी मी काढतो. फोटोचं मात्र समितीत बोलू, इथे नाही.