पोटॅशियम २.९ आलंय, केळी आणि शहाळ्याने भरून येईल का?

मोगरा_सातारा:
आईचं वय ६७, बीपी आहे. मध्यंतरी बीपीची गोळी बदलली, नवीन पाकिटावर क्लोरथॅलिडोन लिहिलंय. मग जुलाब झाले, ते थांबले पण तेव्हापासून ती गळूनच गेलीये, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, खाली बसली की आधाराशिवाय उठता येत नाही, जिना चढताना मांड्याच उचलत नाहीत म्हणते, पोट पण साफ होत नाही. आम्हाला वाटलं कॅल्शियम कमी असेल. काल रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९. डॉक्टर परवा भेटणार आहेत. शेजारच्या काकू म्हणतात रोज दोन केळी नि शहाळं द्या, आपोआप वर येतं. खरंच येतं का?

वॉर्डसिस्टर:
ताई, परवापर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करून आकडा सांगा आणि ईसीजी काढून घ्या. नॉर्मल ३.५ ते ५ असतं, २.५ च्या खाली तर फारच धोक्याचं, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. धडधडतंय, ठोके चुकल्यासारखे वाटतात, चक्कर येतेय, दम लागतोय, यातलं काहीही असेल तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. हृदयाची औषधं चालू असतील, विशेषतः डिगॉक्सिन, तर तेही लगेच सांगा.

केळ्याचं म्हणाल तर शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं. त्यामुळे रक्तात २.९ दिसतंय म्हणजे आतला साठा बराच उपसला गेलाय. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम, म्हणजे डॉक्टरांच्या मापात १० मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास, आणि तूट भरायला बऱ्याचदा याच्या कितीतरी पट लागतं. शिवाय क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी बीपीची गोळी आहे, तिने नि जुलाबाने क्लोराइड पण जातं, ते केळ्यात फारसं नसतं, म्हणूनच डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचं सिरप देतात. ते खारट-कडू लागतं, पेलाभर पाण्यात घालून जेवणानंतर हळूहळू प्यायचं, नाहीतर पोटात जळजळ होते. किती नि किती दिवस ते डॉक्टरच ठरवणार, आणि मध्ये रक्त पुन्हा तपासायचंच. सलाइनमधून द्यायची वेळ आली तर तास तास लावतात, नातेवाईक वैतागतात, पण भरभर दिलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ड्रिपला कोणी हात लावू नका.

बीपीची गोळी मनाने बंद करू नका, आधी विचारा.

कोकणी_आजोबा:
सिस्टरशी सहमत. दोन गोष्टी विचाराव्या वाटतात. आई ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतात का? पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, किडनी ते लघवीवाटे सोडतच राहते. तेव्हा मॅग्नेशियमची तपासणी सांगून करून घ्या. दुसरं म्हणजे खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा वगैरे रोज चालू आहे का? आपण घरगुती म्हणून बिनधास्त देतो, पण रोज बरेच दिवस घेतला तर त्यानेही पोटॅशियम उतरतं आणि वर बीपी चढतं. आमच्या हिला डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं होतं.

मोगरा_सातारा:
काढा चालूच आहे!! हिवाळ्यापासून रोज सकाळी. आणि ॲसिडिटीची गोळी पण. डॉक्टरांशी बोलणं झालं, आत्ताच घेऊन या म्हणाले, निघतोय. दोन्हीची पाकिटं सोबत घेते. पण मग शहाळं, केळी चालतील ना?

पुणेरी_मावशी:
चालतील का ते क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीवर आहे. किडनी चांगली असेल तर शहाळं, वरण, पालक, सालासकट उकडलेला बटाटा सगळं चांगलं, परत कमी होऊ नये म्हणून उपयोगीच. पण किडनी कमजोर असेल तर हेच उलटं पडतं, माझ्या वडिलांना डायलिसिसवर असताना शहाळं पूर्ण बंद होतं. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल पण आहे का बघा, त्याने पोटॅशियम वर जातं, त्यात सिरप नि ते लो-सोडियम मीठ एकदम सुरू केलं तर गरजेपेक्षा जास्त होऊ शकतं. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइडच असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. किडनीचा रिपोर्ट पण घेऊन जा, जुना असला तरी.


वॉर्डसिस्टर:
आणि पुन्हा जुलाब झाले तर नुसतं लिंबूपाणी नको, ओआरएसच द्या, त्यात पोटॅशियम असतं. बीपीची गोळी तेवढे दिवस घ्यायची का थांबवायची हेही आजच विचारून ठेवा.