स्टॅन्ली कप प्लेऑफ: डिव्हिजनचे कप्पे मोडून १ ते ८ मानांकन परत आणावं का?

निळी रेषा
एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये २०१३-१४ पासून चालू असलेली प्लेऑफची (साखळी सामन्यांनंतरच्या, स्टॅन्ली कपसाठीच्या बाद फेऱ्यांची) मांडणी बदलायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी नुकतंच पाहायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पूर्व आणि पश्चिम अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत दोन डिव्हिजन. ३२ पैकी १६ संघ पुढे येतात. चारही डिव्हिजनमधले पहिले तीन, आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये उरलेल्यांपैकी जास्त गुणांचे दोन, म्हणजे वाइल्ड कार्ड. डिव्हिजनमधला पहिला वाइल्ड कार्डवाल्याशी खेळतो. दुसरा आणि तिसरा पहिल्याच फेरीत आपसात भिडतात. त्यानंतर मानांकन नव्याने लावत नाहीत. मालिका जास्तीत जास्त सात सामन्यांची, आधी चार जिंकेल तो पुढे.

गोम इथेच आहे. एका डिव्हिजनमध्ये तीन तगडे संघ आले की ते एकमेकांच्या मुळावर येतात. २०१६-१७ ची मेट्रोपॉलिटन डिव्हिजन बघा. वॉशिंग्टन ११८ गुण, पिट्सबर्ग १११, कोलंबस १०८. अख्ख्या लीगमध्ये पहिला, दुसरा आणि चौथा! कोलंबसच्या वाट्याला पहिल्याच फेरीत पिट्सबर्ग आला आणि पाच सामन्यांत खेळ संपला. पुढच्या फेरीत वॉशिंग्टन-पिट्सबर्ग, म्हणजे लीगमधले पहिले दोन. शेजारच्या अटलांटिकमध्ये मात्र ९८ गुणांच्या ओटावासमोर ९५ गुणांचा बोस्टन होता.

माझा प्रस्ताव: कॉन्फरन्समधले आठ संघ निव्वळ गुणांवर लावा, १ विरुद्ध ८, २ विरुद्ध ७, ३ विरुद्ध ६, ४ विरुद्ध ५. प्रत्येक फेरीनंतर उरलेल्यांत सर्वांत वरच्याला सर्वांत खालचा द्या. त्या वर्षी कोलंबसला ओटावा मिळाला असता, आणि वॉशिंग्टन-पिट्सबर्ग कॉन्फरन्स फायनलच्या आधी समोरासमोर येऊच शकले नसते. १९९४ ते २०१३ पर्यंत १ ते ८ मानांकनच होतं. फक्त डिव्हिजन विजेत्यांना तेव्हा वरचे क्रमांक राखून ठेवत, तेवढं मला नको.

गोलपोस्ट
उदाहरण चपखल आहे, पण ते एका वर्षाचं. हाच हिशेब २०२४-२५ च्या पश्चिमेला लावून बघा. विनिपेग ११६, व्हेगास ११०, डॅलस १०६, लॉस एंजेलिस १०५, कोलोरॅडो १०२, एडमंटन १०१, मिनेसोटा ९७, सेंट लुईस ९६. प्रत्यक्षात डॅलसला कोलोरॅडो मिळाला आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. तुमच्या पद्धतीने तिसऱ्या डॅलससमोर सहावा एडमंटन आला असता. फरक एका गुणाचा! आणि त्याच एडमंटनने पुढे कॉन्फरन्स फायनलमध्ये डॅलसला पाच सामन्यांत हरवलं. विनिपेग-सेंट लुईस आणि व्हेगास-मिनेसोटा या जोड्या तर जशाच्या तशा राहिल्या असत्या.

दुसरं, हॉकीत खालच्या मानांकनाचा संघ म्हणजे सोपा संघ नव्हे. २०१९ मध्ये १२८ गुणांच्या टॅम्पा बेला कोलंबसने ४-० ने धुतलं. २०२३ मध्ये १३५ गुणांचा बोस्टन ९२ गुणांच्या फ्लोरिडाकडून सात सामन्यांत हरला. गोली (गोलरक्षक) फॉर्मात असला की गुणतक्ता बाजूला राहतो.

आणि मुळात दोन डिव्हिजनचे गुण एका रांगेत लावायचे कसे? दोघांचं वेळापत्रक वेगळं असतं.

निळी रेषा
वेळापत्रकाचा मुद्दा आकडे मांडले की टिकत नाही. ३२ संघ झाल्यापासूनच्या ८२ सामन्यांची फोड अशी: आपल्या डिव्हिजनमध्ये २६, कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या डिव्हिजनशी २४, पलीकडच्या कॉन्फरन्सशी ३२. म्हणजे अटलांटिकचा संघ अटलांटिकशी २६ आणि मेट्रोपॉलिटनशी २४ खेळतो. मेट्रोपॉलिटनच्या संघाचं बरोबर उलट. फरक दोन सामन्यांचा. एवढ्या सारख्या वेळापत्रकावर मिळवलेले गुण एका रांगेत लावता येत नसतील, तर वाइल्ड कार्ड तरी कसं ठरवता? तिथे दोन्ही डिव्हिजनचे गुण एकत्रच मोजता ना?

गोलीच्या फॉर्मबद्दल पूर्ण सहमत. म्हणून तर नियमाने निदान आपल्या हातातलं माप सरळ ठेवावं. शिवाय कप्प्यांमुळे त्याच त्या जोड्या येतात: एडमंटन-लॉस एंजेलिस २०२२, २३, २४, २५, सलग चार वर्षं पहिल्या फेरीत, आणि चारही वेळा एडमंटन. चुरस अशी वाढत नाही.

दुसरी फळी
प्रवास तुम्ही दोघांनीही सोडून दिलात. मालिका २-२-१-१-१ अशी असते: पहिले दोन सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरी, पुढचे दोन खालच्याच्या, मग एकेक आलटून पालटून. सात सामने झाले तर दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सामन्यानंतर विमान. म्हणजे चौथ्यापासून पुढे प्रत्येक सामन्यानंतर शहर बदलतं. पूर्वेत सगळे १६ संघ एकाच वेळपट्ट्यात, तिथे त्रास नाही. पश्चिमेत व्हँकुव्हर-डॅलस अशी जोडी लागली तर दोन तासांचा फरक. व्हँकुव्हरला संध्याकाळी ७ चा सामना डॅलसमध्ये रात्री ९ ला सुरू होतो. त्यात प्लेऑफमध्ये शूटआउट नसतो. पाच विरुद्ध पाच, २० मिनिटांचे ओव्हरटाइम, पहिला गोल पडेपर्यंत. २०२० मध्ये टॅम्पा बे-कोलंबस सामना पाचव्या ओव्हरटाइममध्ये गेला होता, १९३६ चा डेट्रॉइट-माँट्रियल मरून्स सहाव्यात. डेट्रॉइट २०१३ मध्ये पूर्वेत आला त्यामागे हेच रात्रीचे सामने हे एक मोठं कारण होतं.

विमानं वाचवायला कोणी २-३-२ सुचवेल, तर ते नको. १९८४ आणि १९८५ ची फायनल तशी झाली होती. मालिका पाच सामन्यांत संपली तर खालच्या मानांकनाच्या संघाला घरी तीन सामने आणि वरच्याला दोनच. खेळ थांबल्यावर खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क घरच्या संघाला असतो. समोरच्या स्टार फळीवर आपली बचावाची फळी सोडता येते. सहा महिन्यांची कमाई ती एवढीच, तीही अशी वाटून टाकायची?

कोपऱ्यातला पक
महिलांच्या पीडब्ल्यूएचएल या आइस हॉकी लीगमध्ये वेगळा उपाय आहे. पहिल्या क्रमांकाचा संघ सेमीफायनलसाठी तिसरा की चौथा, ते स्वतः निवडतो. २०२४ मध्ये टोरांटोने चौथ्या मिनेसोटाला निवडलं, २-० अशी आघाडीही घेतली, पण मालिका ३-२ अशी गमावली. मिनेसोटाने पुढे कपही जिंकला. २०२५ मध्ये माँट्रियलने ओटावाला निवडलं आणि तोही हरला. निकाल काहीही लागो, जोडीबद्दल तक्रार करायला जागा उरत नाही. एनएचएलमध्ये निदान डिव्हिजन विजेत्यांना दोन वाइल्ड कार्डांतून निवडू द्या.

गोलपोस्ट
निवड चार संघांत जमते, सोळांत अवघड. कारण तारखा. अनेक एनएचएल संघ बास्केटबॉलच्या संघाबरोबर एकच सभागृह वापरतात, आणि दोन्हींचे प्लेऑफ एकाच वेळी चालू असतात. बर्फावर लाकडी तक्ते अंथरायचे, काढायचे, बर्फ पुन्हा तयार करायचा. कप्पा ठरलेला असला की संघाला फक्त शेजारच्या एका मालिकेची वाट पाहावी लागते. फेरमानांकनात कॉन्फरन्समधल्या चारही मालिका संपेपर्यंत समोर कोण ते कळत नाही.

तरी निळी रेषा, तुमचा आकड्यांचा मुद्दा मला पटला. म्हणून मधला मार्ग सुचवतो: पहिली फेरी डिव्हिजनमध्येच ठेवा, दुसऱ्या फेरीपासून फेरमानांकन करा. २०१७ मध्ये वॉशिंग्टन-ओटावा आणि पिट्सबर्ग-रेंजर्स झालं असतं. २०१८ मध्ये लीगमधले पहिले दोन, नॅशव्हिल ११७ आणि विनिपेग ११४, दुसऱ्याच फेरीत भिडले; त्याऐवजी नॅशव्हिल-सॅन होजे आणि विनिपेग-व्हेगास. तारखांसाठी फार तर दोन-तीन दिवसांची वाट, तेवढी सोसता येईल.

निळी रेषा
दुसऱ्या फेरीपुरतं हे मला मान्य आहे, उद्यापासून लावलं तरी चालेल. पण २०१७ च्या कोलंबसचं काय? लीगमध्ये चौथा येऊन त्याला पहिल्या फेरीत पिट्सबर्गच मिळतो. पूर्वेत प्रवासाची अडचण नाही हे दुसरी फळी यांनीच सांगितलं आहे. मग पहिली फेरी डिव्हिजनमध्येच ठेवण्याचं तिथे काय कारण उरतं, ते सांगा.