मदत हवी आहे: एआय एजंटसाठी टूलचं वर्णन नेमकं कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही एआय एजंट तयार करायलोय. सभासद व्हॉट्सॲपवर मराठीत विचारतात आणि एजंट आमच्या सॉफ्टवेअरमधली टूल वापरून उत्तर देतो. बाजारभाव, गोदामातला साठा, हमीभाव, सौद्यांची नोंद अशी ती टूल आहेत. जोडणी एमसीपीने केली आहे, म्हणजे अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या टूलशी जोडायची ठरलेली पद्धत. एजंटला टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (टूलला कुठली माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा) दिसतो. आतला कोड दिसत नाही. त्यामुळे वर्णनात जे राहिलं ते त्याच्यासाठी नाहीच.

आमचं आत्ताचं वर्णन बघा: "साठा_पाहा: सभासदाचा गोदामातला साठा देते." (टूलची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय.) कार्यालयातल्या माणसाला एवढं पुरतं. साठा किलोत आणि भाव क्विंटलचा, हे त्याला सांगावं लागत नाही. चाचणीत एजंटला विचारलं, "माझ्या सोयाबीनचे आजच्या भावाने किती होतील?" साठ्याच्या टूलने दिले २३५०, भावाच्या टूलने ४५००. एजंटने सरळ गुणाकार केला आणि एक लाख पाच हजार साडेसातशेच्या जागी एक कोटी पाच लाख पंच्याहत्तर हजार सांगून मोकळा झाला.

जिल्ह्यांच्या नावांचंही तसंच. आमच्या जुन्या नोंदी औरंगाबाद आणि उस्मानाबाद या नावांनी आहेत, २०२३ नंतरच्या छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या. "२०२१ च्या दिवाळीत धाराशिवला सोयाबीन काय भावाने गेलं?" असं विचारल्यावर टूलने रिकामी यादी दिली आणि एजंट म्हणाला, त्या काळात आवकच नव्हती. ऐन हंगामात! ज्याला यातलं कळतं तो हसेल, पण भाव बघून माल विकायचा की ठेवायचा हे ठरवणाऱ्या माणसाने असल्या उत्तरावर का विसंबावं?

सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, तरी कधी कधी टूल न वापरताच एजंट आदल्या वर्षीचा ४,८९२ सांगतो. आणि सगळ्यात जास्त धास्ती याची: "परवा बोललेला सौदा लागला का बघा" यावर त्याने सौदा_पाहा सोडून सौदा_नोंदवा चालवलं.

आता विचारायचं ते. ही माहिती प्रत्येक टूलच्या वर्णनात लिहावी की एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या, सगळ्या टूलच्या वरच्या सूचनांमध्ये? टूल वीसच्या वर आहेत. सगळी वर्णनं लांबवली तर दर संभाषणात तेवढा मजकूर मॉडेलला वाचावा लागतो. वर्णन मराठीत लिहावं का? आणि सुधारलेलं वर्णन खरंच बरं झालं हे तपासायचं कसं? कुणी हे केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

प्रतिसाद (नांदेडहून):

दादा, यातलं निम्मं वर्णनात घालूच नका. टूलच्या उत्तरातल्या फील्डचं (रकान्याचं) नावच "साठा_किलो" आणि "भाव_रुपये_प्रति_क्विंटल" ठेवा, म्हणजे एकक उत्तरासोबतच जाईल. जिल्ह्यासाठी स्कीमात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची ठरलेली यादी द्या आणि जुनी-नवी नावं कोडमध्ये जुळवा. "नोंद सापडली नाही" आणि "आवक शून्य" ही दोन वेगळी उत्तरं हवीत. नोंद नसेल तर पुढे काय करायचं तेही त्याच संदेशात लिहा: "या तारखेची नोंद नाही, तारखेची मर्यादा वाढवून पुन्हा विचारा."

वर्णनात मात्र कधी वापरायचं आणि कधी नाही, हे दोन्ही हवं. उदाहरणार्थ: "हमीभाव_पाहा: पीक आणि हंगाम घेऊन केंद्राने जाहीर केलेला हमीभाव देते. हमीभाव दरवर्षी बदलतो, म्हणून आठवणीतून सांगू नये. बाजारातल्या चालू दरासाठी भाव_पाहा वापरावं." एवढं पुरतं. एका टूलपुरती गोष्ट त्या टूलच्या वर्णनात, सगळ्यांना लागू असलेली वर.

मराठीत लिहायला हरकत नाही. सभासद जे शब्द वापरतात (आवक, आडत, सौदा लागला) ते वर्णनात असू द्या. तपासायला सभासदांचे खरे प्रश्न नावं काढून गोळा करा, प्रत्येकापुढे अपेक्षित टूल आणि इनपुट लिहा. वर्णन बदललं की सगळे प्रश्न पुन्हा चालवा आणि उत्तरापेक्षा आधी त्याने कुठलं टूल उचललं ते बघा.

सौदा_नोंदवा मात्र वर्णनाच्या भरवशावर सोडू नका. एमसीपीत टूल फक्त वाचणारं आहे की बदल करणारं, हे सांगणाऱ्या खुणा आहेत, पण त्या नुसत्या सूचना आहेत, कुलूप नाही. सभासदाने "हो" म्हटल्याशिवाय नोंद होणार नाही, हे सर्व्हरच्या कोडमध्येच बसवा.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार. एकक आणि जिल्ह्यांचं आजच बदलायला घेतो. होकाराबद्दल एक राहिलं: सभासद "हो" ऐवजी "चालतंय", "बघू", "घ्या करून" असं काहीही लिहितात. यातला होकार ओळखायचं एजंटवर सोडावं, की नोंदीआधी बटण दाबायला लावावं? वयस्कर सभासदांना बटण जमेल का, याचा कुणाला अनुभव असेल तर सांगा.