अट्रोपीन चालू असूनही पेशंटला मान का उचलता येत नाही?

द्राक्षबाग_तासगाव: जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) तिसऱ्या वर्षाला आहे. फळछाटणीनंतर आमच्या पट्ट्यात फवारणी जोरात असते. ऑर्गनोफॉस्फेटच्या (फवारणीच्या कीटकनाशकांचा एक गट) विषबाधेत अट्रोपीन या उताऱ्याने लाळ थांबते, छाती मोकळी होते. तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान उचलत नाही, श्वास अपुरा पडतो. चेतातंतूचा निरोप पोचवणारं अॅसिटिलकोलीन तर एकच, मग असं का?

कृष्णाकाठ: अॅसिटिलकोलीन एकच, पण ते जिथे चिकटतं ते रिसेप्टर दोन जातीचे. चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरलं की पुटिकांतून (छोट्या पिशव्यांतून) अॅसिटिलकोलीन बाहेर पडतं. स्नायूवर निकोटिनिक रिसेप्टर असतो. तो स्वतःच एक दार आहे: दोन रेणू चिकटले की उघडतं, सोडियम आत जातो. ग्रंथी, श्वासनलिका, हृदय, आतडी इथे मस्करिनिक. तो स्वतः दार नाही, जी-प्रोटीन या पेशीतल्या मध्यस्थामार्फत, सावकाश चालतो. काम झालं की अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम अॅसिटिलकोलीनचे कोलीन आणि अॅसिटेट असे तुकडे करतं. विष नेमकं या एन्झाइमच्या सेरीनला (त्यातल्या एका अमिनो आम्लाला) चिकटतं, आणि अॅसिटिलकोलीन सगळीकडे साचतं.

अट्रोपीन फक्त मस्करिनिक जागा अडवतं. स्नायू तसेच उघडे. आधी ते फडफडतात, मग सततच्या माऱ्याने प्रतिसादच देईनासे होतात. मान पडणं ही त्याची पहिली खूण, मागोमाग श्वासाचे स्नायू.

मिरज_आयसीयू: पॅम (प्रॅलिडॉक्सिम हे औषध) एन्झाइमला विषापासून सोडवतं, पण वेळेत दिलं तरच. चिकटलेलं विष 'एजिंग' झालं, म्हणजे कायमचं पक्कं बसलं, की सुटत नाही. डायमिथाइल जातीच्या विषात (उदा. डायमेथोएट) निम्मं एन्झाइम साधारण ४ तासांत गेलेलं असतं, डायइथाइलमध्ये (उदा. क्लोरपायरीफॉस) सुमारे ३३ तासांत. म्हणून कोणतं विष ते कळायला औषधाची बाटली सोबत आणायला सांगा. पॅमच्या चाचण्यांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. त्याची वाट बघत अट्रोपीन लांबवणं मात्र चूकच.

मोठ्या माणसाला अट्रोपीनची सुरुवात १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे ०.६ मिग्रॅच्या ३ ते ५ अँप्युल. दर ५ मिनिटांनी बघायचं, फरक नसेल तर डोस दुप्पट. थांबायचं ते छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर आल्यावर. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत ढकलत राहू नका. बडबड, ताप, आतडी शांत, लघवी तुंबली, तर अट्रोपीन जास्त झालंय.

द्राक्षबाग_तासगाव: मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८ टक्के आहे, तेवढ्यावर निर्धास्त राहायचं का सर?

मिरज_आयसीयू: नाही. ऑक्सिजन चालू असताना ते फार उशिरा पडतं. पहिले चार दिवस प्रत्येक ड्युटीत उशीवरून डोकं उचलायला लावा आणि एका श्वासात आकडे मोजायला सांगा. आकडे कमी होत चालले की लगेच डॉक्टरांना बोलवा, व्हेंटिलेटर तयार ठेवा.

कृष्णाकाठ: आणि कपडे काढून साबण-पाण्याने अंग, केस, नखं धुतली का हे आधी विचारा. हातमोजे घालूनच. कातडीवरचं विष आत जातच राहतं.