विषय: बारा तालुक्यांच्या फायली एकत्र करायचा मॅक्रो

नमस्कार मंडळी,
कोल्हापूरच्या शाळांना पुस्तकं द्यायची आहेत, त्यांच्या याद्या आल्या, करवीर, कागल, शिरोळपासून चंदगडपर्यंत बाराही तालुक्यांच्या वेगळ्या फायली, काही एक्सेल, काही सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेला साधा मजकूर). कॉपी-पेस्ट करत बसले तर शनिवारच्या मीटिंगपर्यंत होणार नाही. कुणी मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून देईल का?

---

ताई, मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं लिहितोय. मॅक्रो जोडलाय. सगळ्या फायली एका फोल्डरात टाका, मॅक्रो डिर फंक्शननं एकेक नाव उचलतो, फाइल उघडतो, हेडिंगची ओळ सोडून बाकीचं ‘एकत्र’ नावाच्या शीटच्या शेवटच्या ओळीखाली टाकतो आणि फाइल सेव्ह न करता बंद करतो, म्हणजे मूळ याद्यांना धक्का लागत नाही. पहिल्या कॉलममध्ये फाइलचं नाव लिहायला लावलंय, ते कृपा करून काढू नका, उद्या आजऱ्याच्या एखाद्या पोराचं नाव राहिलं तर शोधायचं कुठं? कॉलमचा क्रम मात्र सगळीकडं सारखाच पाहिजे, तो आधी बघून घ्या.

खरी भीती तारखांची आहे. आपली पोरं ३/७ लिहितात ते ३ जुलै, पण मॅक्रोनं सीएसव्ही उघडली की एक्सेल महिना आधी धरतंय, म्हणजे ते झालं ७ मार्च, आणि २५/७ ला पंचविसावा महिना नसल्यामुळं ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतंय, एरर काहीच येत नाही. मॅक्रोत फाइल उघडायच्या आदेशात ‘लोकल ट्रू’ लिहिलं तर एक्सेल कॉम्प्युटरचं तारखेचं सेटिंग वापरतंय, पण तुमचं सेटिंग अमेरिकेचं, त्यामुळं तिथं उपयोग नाही. म्हणून सीएसव्हीवाल्या तालुक्यांच्या फायली मला पाठवा, मी इथल्या सेटिंगवर उघडून एक्सेलमध्ये सेव्ह करून देतो, मग तारीख आत आकडा म्हणून साठते आणि कुठंही उघडली तरी बदलत नाही.

---

दादा, खूप आभार, फायली पाठवल्या. पण मॅक्रो उघडला की वर लाल पट्टी येते आणि चालूच होत नाही.

---

ताई, मेलमधनं आलेल्या फाइलीतले मॅक्रो २०२२ पासून आपोआप ब्लॉक होतात. फाइल डिस्कवर सेव्ह करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक करून ओके, मग उघडा. आणि याद्यांपैकी कुठलीच फाइल उघडी ठेवू नका. सीएसव्हीवाल्या फायली आज रात्रीच करून धाडतो.