मामांच्या पेटीतली बंदुकीची जुनी दारू वापरावी का?

पितळी_पुंगळी: मामा गेल्या वर्षी गेले. काडतुसं भरायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले, परवानाही आहे. त्यांच्या पेटीत तीन डबे निघाले. हर्क्युलिस या अमेरिकन कंपनीची ‘युनिक’ नावाची दारू, पत्र्याचा डबा, सील शाबूत. दुसरा पुठ्ठ्याचा, त्यावर फक्त ‘४८३१’ एवढंच वाचता येतं. तिसऱ्या बाटलीवर चिठ्ठीच नाही, आत काळपट दाणे. ४८३१ ची वजनं, म्हणजे एका काडतुसात ती किती भरायची, मामांच्या वहीत आहेत. त्यांच्या हातची दारू एकदा तरी वापरावी असं फार वाटतं. पारख कशी करू?

जुना_नेमबाज: बिनचिठ्ठीची बाटली आधी बाजूला काढा. रंग-आकार बघून दारू ओळखता येत नाही. मी म्हणतो म्हणून नाही, पण ती कधीच भरू नका.

डबेसंग्राहक: ताई, भावना कळते, माझ्याकडेही वडिलांचे डबे आहेत. पण धूरविरहित दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते आतून हळूहळू कुजतं. ती कूज रोखायला डायफिनाइलअमाइन घातलेलं असतं. ते संपलं की आम्ल सुटतं, आम्लाने कूज आणखी वाढते, दारू तापते आणि साठा आपोआप पेटू शकतो. तुलाँ बंदरात १९०७ साली ‘इएना’ आणि १९११ साली ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका स्फोटात गेल्या, त्यामागे अशीच बिघडलेली दारू मानली जाते.

माझ्या एका डब्याचं झाकण आतून गंजलं होतं, दाण्यांवर विटकरी भुकटी होती आणि वास नाकाला झोंबला. त्याच दारूने आधी भरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) हिरव्या पडल्या होत्या. सगळं टाकून द्यावं लागलं.

४८३१ बद्दल मात्र जपा. हॉजडन या अमेरिकन कंपनीने दुसऱ्या महायुद्धातल्या २० मिमी तोफेच्या दारूचा उरलेला साठा या आकड्याने विकला. ड्यूपॉन्टची आयएमआर ४८३१ आली १९७३ मध्ये, ती जास्त वेगाने जळते. आकडा एकच, वजनं वेगळी.

युनिकच्या डब्यावरचा पत्ता वाचा. विल्मिंग्टन या कंपनीच्या गावापुढे झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर डबा १९६३ नंतरचा. हर्क्युलिस १९१२ मध्ये ड्यूपॉन्टपासून वेगळी झाली, त्याआधीच्या युनिकच्या डब्यावर ते नाव सापडणार नाही. संग्रहाला रिकामा डबाही चालतो, लेबल महत्त्वाचं.

पितळी_पुंगळी: पुठ्ठ्याचा डबा बाहेर, सावलीत उघडला. आंबट, तिखट वास आला. वहीत त्या वजनांच्या वर मामांनी ‘लढाईतला साठा’ असं लिहिलंय, ते आज पहिल्यांदा नीट वाचलं.

डबेसंग्राहक: मग तो डबा घरात परत नेऊ नका, गाडीत घालून कुठे पोहोचवायलाही जाऊ नका. पोलिसांना फोन करून स्फोटकं हाताळणाऱ्या लोकांना बोलवा, बिनचिठ्ठीची बाटलीही त्यांनाच द्या. आणि त्या पानावरची वजनं नव्या ४८३१ ला लावू नका. वहीतच राहू द्या.