स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन बाजूंत फरक दिसतो. किती थांबावे आणि कशासाठी थांबू नये?

प्रश्न : शिक्षिका, परभणी

मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत शिकवते. वय 36, दोन मुले. स्तनांच्या वजनामुळे मान आणि पाठ कायम दुखत असे, खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडले होते आणि उन्हाळ्यात स्तनांखालच्या घडीतील कातडी घामाने सोलवटून निघत असे. अखेर घरच्यांची नाराजी पत्करून छत्रपती संभाजीनगर येथील एका खाजगी रुग्णालयात स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आता दीड महिना होत आला आहे. मानेचे दुखणे जवळपास थांबले आहे, त्यामुळे निर्णयाचा पश्चात्ताप नाही.

तरीही दोन गोष्टींची काळजी वाटते. उजवा स्तन डाव्यापेक्षा मोठा आणि किंचित वर दिसतो, तर डाव्याचा खालचा भाग चपटा वाटतो. दुसरे असे की, डाव्या बाजूला उभी शिवण जेथे खालच्या आडव्या शिवणीला मिळते, तेथे लहानशी जखम उघडली असून तिच्यातून पिवळसर पाणी येते. डॉक्टरांनी ती पाहिली आहे, ड्रेसिंग सांगितले आहे आणि बाकीच्यासाठी थांबायला सांगितले आहे. पण किती थांबायचे, हे विचारायचे धाडस तेथे झाले नाही. सासूबाई जखमेवर हळद लावायला सांगतात आणि वरणाने पू होतो म्हणून ताटात डाळ येऊ देत नाहीत. शाळेत मी पित्ताशयाचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले आहे, त्यामुळे मैत्रिणींना विचारण्याची सोय नाही. हा फरक कायम राहील का, आणि तो दुरुस्त करून मागायचा असेल तर केव्हा मागावा?

उत्तर : निवृत्त परिचारिका, नांदेड

ताई, आधी जखमेविषयी लिहिते, कारण आकाराचा विचार काही महिन्यांनी करता येतो, जखमेचा मात्र रोज करावा लागतो. तुमचा छेद उलट्या ‘टी’च्या आकाराचा दिसतो. त्यात दोन शिवणी जेथे मिळतात, तेथे कातडीवर सर्वांत जास्त ताण असतो आणि रक्तपुरवठा सर्वांत कमी पोहोचतो. म्हणून शिवण उकलायची झाली तर बहुधा तेथेच उकलते. शस्त्रक्रिया विभागात मी अशा जखमा पुष्कळ पाहिल्या आहेत. लहान असतील तर त्या पुन्हा टाके न घालता, नियमित ड्रेसिंगने तळापासून भरत येतात. त्याला काही आठवडे लागतात आणि तेथला व्रण थोडा रुंद राहतो.

जखमेतून येणारे पातळ पिवळसर पाणी म्हणजे पू असेलच असे नाही; भरत्या जखमेतून तसे पाणी झिरपते. स्राव घट्ट किंवा दुर्गंधीयुक्त झाला, भोवतालची लाली रोज पसरू लागली, हाताला ऊब लागली, वेदना कमी होण्याऐवजी वाढली किंवा थंडी वाजून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. संभाजीनगरला जाणे त्या दिवशी शक्य नसेल, तर परभणीतच एखाद्या सर्जनला दाखवावे आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना फोन करून कळवावे.

हळद, तूप, राख यांपैकी काहीही उघड्या जखमेवर लावू नये. ते निर्जंतुक नसते आणि त्याच्या थराखाली जखम नेमकी कशी आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. डाळीबद्दल सासूबाईंशी वाद न घालता डॉक्टरांकडून आहार कागदावर लिहून घ्यावा, कारण आपल्याकडे सुनेच्या बोलण्यापेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठीला घरात मान असतो. जखम भरायला प्रथिने लागतात. वरण, मटकी, दूध, दही, चालत असल्यास अंडी, हे सगळे घ्यावे, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत साबुदाण्यावर निभावण्याचे उपवास टाळावेत. हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी. आणखी एक विचारते, राग मानू नये : मिश्री लावण्याची सवय आहे का? आपल्या भागातील कितीतरी बायका ती तंबाखूत धरतच नाहीत आणि डॉक्टरांनी विचारले तर नाही म्हणतात. तिच्यातील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नेमक्या अशा ताणाच्या जागी जखम रेंगाळते.

उत्तर : प्लास्टिक सर्जन, छत्रपती संभाजीनगर

आपल्याला न तपासता आपल्या निकालावर मत देणे योग्य होणार नाही, म्हणून सर्वसाधारण माहिती देतो. दीड महिन्याला दिसणारा आकार हा अंतिम आकार नसतो. सूज दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने उतरत नाही. ज्या हाताने अधिक काम होते त्या बाजूला ती जास्त काळ टिकू शकते, आणि फळ्यावर लिहिण्यासाठी हात वारंवार उंचावावा लागत असेल तर डॉक्टरांना तसे जरूर सांगावे. ऊती सैल होऊन स्तन खाली स्थिरावण्याची क्रियाही एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला नंतर घडते. आकार बऱ्यापैकी स्थिर व्हायला साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते. व्रण पहिले काही महिने लाल आणि कडक दिसतात आणि पुढे वर्ष ते दीड वर्षात फिके पडतात. आपल्याकडील त्वचेत व्रण जाड होण्याची किंवा केलॉईड (जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड व्रण) होण्याची प्रवृत्ती तुलनेने जास्त असल्याने, जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी केव्हापासून वापरावी, हे विचारून घ्यावे.

याच कारणाने दुरुस्तीची शस्त्रक्रिया सहसा सहा महिन्यांच्या आत केली जात नाही, आणि बरेच सर्जन वर्षभर थांबतात. सूज असताना केलेली दुरुस्ती पुढे दुसऱ्या बाजूने चुकीची ठरू शकते. मात्र ‘थांबा’ हा सल्ला हळूहळू बदलणाऱ्या फरकासाठी असतो. एखादा स्तन काही तासांत अचानक फुगला, ताणून दुखू लागला किंवा काळानिळा पडला, तर आत रक्त साचल्याची शक्यता असते. हे बहुधा पहिल्या दिवसांत घडते, पण केव्हाही घडले तरी ती तातडीची बाब आहे. एका बाजूला पाणी साचल्यानेही फरक दिसतो, आणि साधी सोनोग्राफी ते दाखवते. स्तनाग्राचा रंग काळवंडत असेल तर त्याच दिवशी तपासणी व्हावी.

आपले दोन्ही स्तन शस्त्रक्रियेपूर्वी सारखे होते का, हेही पाहावे. बहुसंख्य स्त्रियांत थोडा फरक मुळातच असतो. तो शस्त्रक्रियेने पूर्णपणे पुसला जात नाही. पूर्वी आरशात निरखून न पाहिलेला फरक शस्त्रक्रियेनंतर रोज पाहिल्याने प्रथमच जाणवतो. पुढच्या भेटीत पूर्वीची छायाचित्रे आणि आताची अवस्था शेजारी ठेवून दाखवावी, असा आग्रह धरावा. घरी फोटो काढायचे असतील तर महिन्यातून एकदा, त्याच प्रकाशात, हात खाली सोडून काढावेत. रोज काढलेल्या फोटोंतून निष्कर्ष निघत नाही, फक्त घोर लागतो.

उत्तर : वाचक, लातूर

माझा अनुभव वेगळा आहे, कारण माझी शस्त्रक्रिया स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट (कृत्रिम भराव) बसवण्याची होती. पण ‘थांबा’ या सल्ल्यासंबंधी लिहावेसे वाटते. पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंत थोडा फरक होता आणि तो आपोआप कमी झाला. काही वर्षांनी मात्र डावी बाजू हळूहळू कडक होऊन वर ओढली जाऊ लागली. जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे फोनवर हे स्वाभाविक असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करते तेच आकसले आहे. त्याच्या चार श्रेणी मानतात. तिसऱ्या श्रेणीत स्तन कडक होऊन आकार बिघडतो आणि चौथीत दुखतोही. हा फरक वाट पाहून जाणारा नव्हता.

इम्प्लांट असलेल्या भगिनी हे वाचत असतील तर त्यांनी आपल्या इम्प्लांटचे कार्ड शोधून ठेवावे. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी संबंधित एक दुर्मीळ लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आढळल्यामुळे जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने तशी उत्पादने जगभरातून परत घेतली. वर्षानुवर्षे ठीक असलेली एक बाजू अचानक पाण्याने फुगली, तर तपासणीत दिरंगाई करू नये. सिलिकॉनच्या इम्प्लांटसाठी तक्रार नसतानाही पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करावी, असा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचा सल्ला आहे. परभणीच्या ताईंच्या बाबतीत इम्प्लांट नाही, त्यामुळे ही भीती त्यांनी स्वतःला लावून घेऊ नये.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

सर्वांचे आभार. मिश्रीची सवय होती. शस्त्रक्रियेआधी सोडली आणि मध्यंतरी पुन्हा सुरू झाली, तिचा डबा आज घराबाहेर गेला. डिस्चार्जच्या कागदावर फक्त औषधे लिहिली आहेत. कोणत्या बाजूने किती काढले, हे मला कसे कळेल? आणि पुढे दुरुस्ती करावी लागली तर विमा मिळतो का?

उत्तर : प्लास्टिक सर्जन, छत्रपती संभाजीनगर

प्रत्येक बाजूने काढलेल्या ऊतींचे वजन ग्रॅममध्ये शस्त्रक्रियेच्या टिपणात साधारणपणे नोंदलेले असते. दोन आकडे वेगळे असले तर चूक झाली असे समजू नये. मुळात मोठ्या असलेल्या बाजूने जास्त काढावेच लागते. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला असल्यास तो अहवालही घ्यावा, आणि पुढे कधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) केली तर तेथे या शस्त्रक्रियेची माहिती द्यावी, कारण आतील व्रण चित्रात दिसतात.

विम्यात केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते; वैद्यकीय गरज असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले तर विचार होऊ शकतो. म्हणून मानदुखी आणि घडीतील त्वचेचा त्रास यांच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि मागणी केल्यापासून 72 तासांत त्या देणे डॉक्टरांवर भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. त्यासाठी भांडण्याची गरज नाही. साधा लेखी अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.